नागपुरात छोटं बाथरूम कमी पैशांत नव्यानं कसं करावं: पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी

महाल-इतवारीतली जुनी घरं घ्या, नाहीतर मानेवाडा, नंदनवन, त्रिमूर्तीनगरकडची लेआउटमधली घरं घ्या. बाथरूम बहुतेक ठिकाणी चार बाय सहा किंवा पाच बाय सात फुटांचंच सापडतं. कुठे जिन्याखाली संडास आणि शेजारी न्हाणी, कुठे दोन्ही एकत्र. आमच्या घरचं पाच बाय सातचं बाथरूम नव्यानं करून घेतल्यावर आणि नातेवाइकांकडची एक-दोन कामं जवळून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. पैसे मोजके असतील तर ते आधी न दिसणाऱ्या जागी घाला: पाइप, उतार आणि वॉटरप्रूफिंग. आरसा, नळ, दिवा पुढे कधीही बदलता येतो. टाइल्सखालचं बिघडलं तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. खालचं सगळं या हिशेबानं लिहिलं आहे.

१. दुरुस्ती हवी की पूर्ण काम, हे आधी ठरवा

बाथरूमच्या मागच्या भिंतीला बाहेरून हात लावून पाहा. रंगाचे पोपडे सुटलेत का, भिंतीवर पांढरी बुरशीसारखी भुकटी आलीय का, खालच्या मजल्याच्या छतावर पिवळे डाग आहेत का? यांतलं काहीही असेल तर फरशी फोडून पूर्ण काम करावं लागेल. टाइल्सच्या फटींत पांढरं सिमेंट भरणं किंवा वरून एखादं रसायन मारणं यानं एखादा पावसाळा निघतो, पुढे काही नाही.

ओल अजिबात नसेल आणि नुसतं जुनाट दिसत असेल, तर खर्च बराच खाली येतो. जुन्या भिंतीच्या टाइल्स घट्ट असतील तर त्यांच्यावरच टाइल चिकटवायच्या अॅडहेसिव्हनं नव्या टाइल्स बसवता येतात. घट्ट आहेत का ते कळायला एक रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठोका. भरीव, टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, ढबढब आवाज आला तर ती टाइल सुटलेली आहे. तिच्यावर दुसरी चढवली तर दोन्ही एकत्र खाली येतील. फरशीवर मात्र टाइलवर टाइल करू नका. पातळी वर येते, दाराचा उंबरठा बुडतो आणि पाणी खोलीत शिरायला लागतं.

२. मोजमाप घ्या, कागदावर काढा

टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची, दार, खिडकी, कमोडची जागा, सांडपाणी जातं त्या जाळीची जागा, सगळं लिहून काढा. चौकटीच्या वहीच्या पानावर एक चौकट म्हणजे सहा इंच असं धरून नकाशा काढला तरी पुरतो.

छोट्या बाथरूमचा सगळ्यात मोठा नियम: कमोड आहे तिथेच ठेवा. कमोडची मैल्याची लाइन चार इंची असते. ती सरकवायची म्हटली की स्लॅब किंवा फरशी खोल फोडा, नवा उतार काढा, चेंबरपर्यंत पाइप न्या. नुसता कमोड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेण्यात अख्ख्या टाइल्सचे पैसे जाऊ शकतात. बेसिन आणि शॉवर सरकवणं त्या मानानं सोपं.

काही मापं लक्षात ठेवा. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच हवेत, समोर २१ ते २४ इंच मोकळे. बेसिनची वरची कड ३२ इंचांच्या आसपास. शॉवर साडेसहा फुटांवर. ही सगळी मापं तयार टाइल्सपासून धरायची असतात, कच्च्या विटेपासून नाही. प्लास्टर, सिमेंट आणि टाइल मिळून प्रत्येक बाजूला दीड इंच तरी जातो. पाच फुटांची खोली शेवटी पावणेपाच फुटांची होते. चार बाय सहाच्या खोलीत हा फरक फार जाणवतो, तेव्हा नकाशा काढतानाच तो वजा करा.

जागा वाचवण्याचे खरे उपाय दोन. एक, दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करा. आतली पाच-सहा चौरस फूट जागा लगेच मोकळी होते. शिवाय आत म्हातारं माणूस पडलं तर दार त्याच्या अंगावर अडकत नाही. दोन, अंघोळीची जागा आणि कमोडची जागा यांच्यात फरशीला अर्धा-पाऊण इंचाचा फरक ठेवा, म्हणजे कमोडकडचा भाग कोरडा राहतो. काचेचं पार्टिशन नसलं तरी चालतं. आपल्याकडे बोरच्या क्षाराच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग बसतात, ते रोज पुसणारं माणूस घरात असेल तरच काच लावा. साधा पडदा स्वस्त पडतो आणि धुता येतो.

शेजारी-शेजारी असलेला संडास आणि न्हाणी यांच्यामधली भिंत काढून एकच बाथरूम करायचा विचार असेल, तर भिंतीची जाडी मोजा. साडेचार इंची असेल तर बहुधा नुसती आडभिंत असते. नऊ इंची असेल, आणि घर कॉलम-बीमचं नसून भिंतींवर उभं असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. जिन्याखालची भिंत असेल तर अजिबातच नाही.

३. पैशांची वाटणी

समजा हातात ९० हजार आहेत आणि पाच बाय सातचं पूर्ण काम करायचंय. जुना गिझर चालू आहे, तोच परत लावायचा आहे. मी वाटणी अशी करीन: तोडफोड, मलबा, रेती-सिमेंट आणि प्लास्टर १४ हजार, पाइप आणि प्लंबरची मजुरी १४, वॉटरप्रूफिंग ८, टाइल्स आणि लावण्याची मजुरी २०, कमोड, बेसिन, नळ १५, वायरिंग, दिवा, एक्झॉस्ट ५, दार ५. उरलेले ९ हजार बाजूला. फोडल्यावर आत काय निघेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. गंजलेला जीआय (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, पोकळ भिंत, फुटलेला ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग), काहीही निघू शकतं. हे ९ हजार त्यासाठी आहेत, महागड्या शॉवरसाठी नाहीत.

तुमच्या भागातले भाव आणि तुमची निवड यांप्रमाणे आकडे वर-खाली होतील. पण एक पाहा: दिसणाऱ्या सामानावर, म्हणजे टाइल्स, कमोड, नळ, दार यांवर अर्ध्याहून जास्त पैसा जात असेल तर कुठेतरी वाटणी चुकतेय.

दुकानात भाव विचारताना प्रत्येक वेळी विचारा, "जीएसटी धरून सांगताय की वेगळा?" टाइल्सवर १८ टक्के जीएसटी आहे. वीस हजारांच्या मालावर तो ३,६०० रुपये होतो. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचं कुणाचं एस्टिमेट हातात असेल तर ते तसंच धरून चालू नका.

४. कागदपत्रं आणि परवानग्या

स्वतःचं स्वतंत्र घर असेल तर आतल्या आतल्या दुरुस्तीला फारसं काही लागत नाही. फ्लॅट असेल तर हे जमवा:

- सोसायटीला लेखी अर्ज आणि त्यावर सचिवांची सही-शिक्क्याची पोच. कामाच्या वेळा, लिफ्टनं सामान न्यायचं की नाही, अनामत रक्कम, हे त्यातच लिहून घ्या.
- बिल्डरकडून मिळालेला फ्लॅटचा नकाशा, शक्य असेल तर पाइपलाइनचा. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला आहे का, हे त्यातून कळतं.
- खालच्या फ्लॅटमधल्या छताचे काम सुरू होण्याआधीचे फोटो, त्या घरातल्या माणसासमोर काढलेले. नंतर "तुमच्यामुळेच ओल आली" असा वाद उभा राहिला तर हेच फोटो कामी येतात.
- मिस्त्री आणि प्लंबर यांच्याशी ठरलेला व्यवहार कागदावर, दोघांच्या सहीनं. त्यांच्या ओळखपत्राची प्रत.
- सगळी बिलं आणि वॉरंटी कार्डं एका पाकिटात.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी संमती आणि खर्च भाड्यातून कसा वळता करायचा हे आधी ठरलं पाहिजे. तोंडी ठरवू नका.

५. काम कधी काढायचं

नागपुरात दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. सिमेंटचं काम इतक्या उन्हात भराभर सुकतं आणि तडकतं. त्यातच कूलरला पाणी लागतं, टाकी अपुरी पडते आणि सिमेंटवर मारायला पाणी उरत नाही. उन्हाळ्यात करावंच लागलं तर प्लास्टर सकाळी उरकून घ्या, त्यावर ओली पोती टाका आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.

जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी अडचण येते. आपल्याकडचे बरेच मिस्त्री आणि रेजा-कुली भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडचे आहेत. धानाच्या रोवणीला ते गावी जातात, अर्धं काम टाकून जातात. यात त्यांचा दोष नाही, त्यांची शेती आहे. होळी, दिवाळी आणि धानाच्या कापणीच्या वेळीही असंच होतं. काम ठरवतानाच विचारा, "भाऊ, मधात गावी जायचं आहे का?" सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळतं.

घरात एकच बाथरूम असेल तर दोन आठवड्यांची सोय आधी लावा. शेजारी, नातेवाईक, कुणाशी तरी बोलून ठेवा. "चार दिवसांत होऊन जाते नं जी" असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. वॉटरप्रूफिंग सुकायलाच दिवस लागतात, आणि तेच दिवस कमी केले जातात.

६. माणसं कशी शोधायची

ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकातून, रोजीनं माणूस आणणं तोडफोडीसाठी ठीक आहे. टाइल्स आणि वॉटरप्रूफिंगसाठी मात्र ओळखीतून, केलेलं काम पाहूनच माणूस घ्या. काम नवं असताना सगळंच छान दिसतं. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं बाथरूम दाखवायला सांगा. त्या घरी गेल्यावर टाइल्स पाहू नका. बाहेरची भिंत पाहा, आणि घरातल्या बाईला विचारा की पाणी कोपऱ्यात साचतं का. रोज तिथे पोछा मारणाऱ्या माणसाइतकं खरं उत्तर कुणी देत नाही.

ठेका की रोजी? छोट्या बाथरूमला ठेका बरा, पण त्यात काय-काय आलं ते लिहा. टाइल कापणं वेगळं का? कोपऱ्यावर ४५ अंशांत घासून जोडणं वेगळं का? मलबा खाली कोण नेणार? जुनं प्लास्टर काढणं यात आहे का? "सगळं येते त्यात" या वाक्यावर सही करू नका, यादीवर करा.

पैसे टप्प्यांनी द्या: सुरुवातीला थोडी उचल, पाइपची चाचणी झाल्यावर एक हप्ता, पाणी भरून ठेवायची चाचणी झाल्यावर एक, टाइल्स झाल्यावर एक. शेवटचे दहा टक्के बाथरूम पंधरा दिवस वापरून झाल्यावर. हे आधी सांगितलं तर चांगला मिस्त्री नाही म्हणत नाही.

७. तोडफोड आणि मलबा

फोडायला सुरुवात करण्याआधी पाणी बंद करणारा कॉक कुठे आहे ते शोधा आणि तो खरंच बंद होतो का पाहा. बाथरूमची वीज बोर्डावरून काढा. कमोडच्या आणि जाळीच्या तोंडात कापड कोंबून वरून पोतं ठेवा. हे केलं नाही तर विटांचे तुकडे लाइनीत जातात आणि महिनाभरानं चोकअप होतं. मग कामाच्या वेळी काय पडलं ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

ओल असेल तर जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढा. वरचं सुटं तेवढं काढून नवं थापलं की दोन्हींमध्ये फट राहते.

मलबा गोण्यांमध्ये भरा आणि न्यायची सोय आधीच बघा. तो नाल्यात, नाग नदीच्या काठी किंवा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टाकू देऊ नका. रस्त्यावर बांधकाम साहित्य किंवा मलबा पडलेला दिसला तर महापालिकेचं उपद्रव शोध पथक दंड करतं, आणि दंड घरमालकालाच बसतो. रेती-गिट्टीचंही तेच. एका बाथरूमला ट्रॉलीभर रेती लागत नाही, गोण्यांनी आणा.

८. पाइप आणि वायर

जुना जीआय पाइप निघाला तर तुकडा-तुकडा बदलू नका, बाथरूमपुरता सगळाच काढा. भिंतीतल्या गरम आणि थंड दोन्ही लाइनींना सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप, वापरा. थंड लाइनीला साधा पाइप चालतो, असं प्लंबर म्हणेल. पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही इतकं तापतं, तेव्हा दोन्हीकडे सीपीव्हीसी घातलेलं बरं. खर्चात फार फरक पडत नाही. नळ बसतो त्या तोंडांना पितळी आटे असलेल्या फिटिंग घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात नळ जोरानं आवळला की तडा जातो, आणि तो भिंतीच्या आत जातो.

शॉवर निवडण्याआधी टाकीची उंची पाहा. पाण्याला जोर उंचीमुळे मिळतो: दर दहा फुटांना ०.३ बार. एकमजली घर, टाकी स्लॅबवरच ठेवलेली, तर शॉवरपासून टाकीच्या पाण्यापर्यंत पाच-सहा फूटच मिळतात. एवढ्यात दुकानात लावून दाखवलेला मोठा चौकोनी रेन शॉवर नुसता ठिबकतो. तिथे छोटा, कमी भोकांचा शॉवर घ्या किंवा टाकीखाली विटांचा चबुतरा करून ती दोन-तीन फूट वर घ्या.

सांडपाण्याच्या पाइपमध्ये कंजुषी नको. बाथरूमच्या जाळीपासून तीन इंची पाइप, कमोडला चार इंची. जाळीखाली नहाणी ट्रॅप हवाच, आणि त्यात दोन इंच पाणी कायम उभं राहिलं पाहिजे. चेंबरमधली दुर्गंधी आणि झुरळं तेच पाणी अडवतं. काही ठिकाणी जागा कमी म्हणून सरळ पाइप जोडून वर जाळी ठेवतात. तसं करू देऊ नका.

भिंत बुजवण्याआधी लाइनीला पंप लावून प्रेशर टेस्ट करायला सांगा. काटा तासन्‌तास जागेवर राहिला पाहिजे. काटा उतरला तर गळका जोड आत्ता सापडतो. मग टेप भिंतीला लावून चारही भिंतींचे फोटो काढा, म्हणजे पाइप कुठून कुठे गेलाय ते इंचासकट कळेल. पुढे टॉवेलचा दांडा ठोकताना किंवा आधाराचा दांडा बसवताना हेच फोटो लागतात.

विजेत एक गोष्ट सोडू नका: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या अंगाला करंट बसला तर तो क्षणात वीज तोडतो. दोन किलोवॉटच्या साठवणीच्या गिझरला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. तीन किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरला ४ ची वायर घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बोर्डावर तिसरं भोक असलं म्हणजे मागे अर्थिंग जोडलेली असतेच असं नाही.

आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. छोट्या बंद खोलीत जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. थंडीत खिडकी लावून घेतली की धोका आणखी वाढतो. लावायचाच असेल तर बाहेर मोकळ्या हवेत लावा आणि आत नुसता गरम पाण्याचा पाइप आणा.

९. वॉटरप्रूफिंग: इथे घाई करू देऊ नका

सगळ्या कामात सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त गाळला जातो तोही हाच, कारण काम संपल्यावर तो दिसत नाही.

आधी फरशी आणि भिंतीचा खालचा भाग झाडून, धुऊन घ्या. धूळ राहिली की कोटिंग धुळीला चिकटतं, सिमेंटला नाही. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करायला सांगा, काटकोन ठेवू नका. बहुतेक गळती कोपऱ्यातून आणि पाइपच्या भोवतालून होते. पाइप स्लॅबमधून जातो तिथे न आकसणारा ग्राउट (फटी बुजवायचा मसाला) भरायचा, नुसतं सिमेंट नाही. कोपऱ्यांवर आणि पाइपभोवती फायबरची जाळी कोटिंगमध्ये दाबून बसवायची.

मग सिमेंट-पॉलिमरचं दोन घटकांचं कोटिंग. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. पहिला उभा मारला तर दुसरा आडवा, म्हणजे ब्रशच्या फटी बुजतात. दोन हातांमध्ये किती तास थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढे थांबा. भिंतीवर चोहोबाजूंनी किमान एक फूट, शॉवरच्या भिंतींवर सहा फुटांपर्यंत. दाराच्या उंबरठ्याखालीही घ्या. हा भाग हमखास राहतो आणि पुढे बाहेरच्या खोलीची फरशी ओली होते.

सुकल्यावर चाचणी. जाळीचं तोंड घट्ट बंद करा, उंबरठ्यावर विटांची छोटी आडभिंत घाला आणि दोन इंच पाणी भरा. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलनं रेघ मारा. किमान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ पाहा. उन्हाळ्यात थोडं पाणी हवेतही जातं, म्हणून शेजारी एका परातीत तेवढंच पाणी ठेवून त्यावरही खूण करा. दोन्हींची घट सारखी असेल तर चिंता नाही. बाथरूमचं पाणी जास्त उतरलं तर कुठेतरी वाट आहे. खालच्या घरात जाऊन छत पाहा, बाहेरची भिंत पाहा. गळती सापडली तर दुरुस्त करून पुन्हा पाणी भरा.

मिस्त्रीला हे दोन दिवस रिकामे घालवणं परवडत नाही, म्हणून तो घाई करेल. आधी सांगून ठेवा, म्हणजे तो ते दिवस दुसऱ्या कामाला लावेल.

चाचणी पास झाली की कोटिंगवर लगेच संरक्षक थर घ्या. उघड्या कोटिंगवर शिडी, घमेलं, बूट लागले की ते फाटतं.

१०. टाइल्स

हिशेब असा करा. पाच बाय सातच्या खोलीचा घेर २४ फूट. सात फूट उंचीपर्यंत लावायच्या तर १६८ चौरस फूट. दाराचे साडेसतरा आणि खिडकीचे तीन वजा केले की १४७-१४८ उरतात. फरशी ३५. तुटीसाठी दहा टक्के वाढवले की दोन्ही मिळून २०० चौरस फूट. खोक्यात किती चौरस फूट ते खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यानं भागा. माल घेताना सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, ते दुकानातच तपासा. नंतर दोन खोकी कमी पडली आणि दुसऱ्या बॅचची आणली तर रंगात फरक दिसतोच. उरलेल्या पाच-सहा टाइल्स घरात जपून ठेवा.

पैसे वाचवायचे असतील तर भिंतीवर छतापर्यंत टाइल्स लावू नका. शॉवरच्या बाजूला सात फूट, बाकी भिंतींना चार फूट आणि वर ओल सहन करणारा रंग, एवढं पुरतं. यात टाइल्सचा खर्च बराच उतरतो.

रंग फिका घ्या, पण पांढराशुभ्र नको. बोरचं पाणी असेल तर क्षाराचे डाग गडद आणि काळ्या टाइल्सवर सगळ्यात जास्त दिसतात, तर पांढऱ्यावर लोखंडाचे पिवळे डाग. फिका राखाडी किंवा बदामी रंग दोन्ही झाकतो. फरशीला अँटिस्किडच. दुकानात टाइलवर पाणी टाकून बोट घासून पाहा. खूप खडबडीतही नको, त्यात मळ बसतो. फरशीची टाइल १२ बाय १२ इंचांची घ्या. मोठ्या टाइलला जाळीच्या दिशेनं उतार देता येत नाही.

लावताना भिंतीची दुसरी ओळ आधी, मग फरशी, आणि भिंतीची सगळ्यात खालची ओळ शेवटी, फरशीवर बसवून. तसं केलं की भिंतीवरून आलेलं पाणी सांध्यात न जाता फरशीवर येतं. उतार पाच फुटांत एक इंच धरा. टाइल्स ओल्या असतानाच, म्हणजे हलवता येतील तेव्हाच, मगभर पाणी सांडून बघा ते कुठे जातं. पाणसळ लावून बघितलं तरी पाणी टाकून बघाच.

फटी भरायला अंघोळीच्या जागेत तरी एपॉक्सी ग्राउट घ्या. महाग आहे, पण पाणी पीत नाही आणि काळं पडत नाही. बाकी ठिकाणी साधा ग्राउट चालेल.

११. कमोड, नळ, दार

कमोड घ्यायला जाण्याआधी भिंतीपासून मैल्याच्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि पाइप जमिनीत जातो की भिंतीत, ते पाहा. चार, नऊ, बारा इंच असे प्रकार येतात, चुकीचा आणला तर बसतच नाही. फ्लश दोन बटनांचा, तीन आणि सहा लिटरचा घ्या. भिंतीला टांगलेला कमोड छान दिसतो, पण त्याची टाकी भिंतीत जाते, सहा इंच जागा खाते आणि बिघडल्यावर उघडणं अवघड. छोट्या बजेटमध्ये जमिनीवरचाच बरा.

नळ पितळेचेच घ्या. वजन हातात घेऊन पाहा. क्रोमचा साधा चकचकीत नळ आपल्या पाण्यात टिकतो आणि व्हिनेगरनं पुसला की साफ होतो. काळे मॅट नळ दिसायला छान, पण क्षार बसला की घासता येत नाहीत. इतवारीत लोहा ओळीकडे हार्डवेअरची दुकानं आहेत. तिथून अँगल कॉक, जाळ्या, स्क्रू असं किरकोळ सामान एकत्र घेतलं तर गल्लीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं.

दार डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) किंवा पीव्हीसीचं, चौकट ग्रॅनाइटची. लाकडी चौकट खालून कुजते. एक्झॉस्ट सहा इंची पुरतो, पण तो बाहेर उघडला पाहिजे, डक्टमध्ये कोंडलेला नको.

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर कमोडशेजारी आणि शॉवरजवळ स्टीलचा आधाराचा दांडा लावाच. उंची ३३ ते ३६ इंच, त्या माणसाला बसवून, उठायला सांगून ठरवा. आमच्या आईला जो दांडा सोयीचा पडला तो ठरलेल्या मापापेक्षा दोन इंच खाली आहे.

१२. शेवटचा हप्ता देण्याआधी

- सगळ्या टाइल्सवर पुन्हा नाणं ठोका. पोकळ आवाजाच्या टाइल्सवर खडूनं फुली मारून बदलून घ्या.
- बादलीभर पाणी चारही कोपऱ्यांत ओता. दहा मिनिटांनी कुठेही डबकं राहता कामा नये.
- फ्लश पाच-सहा वेळा चालवा, कमोडच्या बुडाशी टिश्यू पेपर फिरवून ओल पाहा.
- बेसिन भरून एकदम सोडा आणि खालच्या जोडांना हात लावा.
- आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबा, वीज लगेच गेली पाहिजे.
- गिझर तापवून गरम पाणी डाव्या बाजूनं येतंय ना, ते पाहा.

सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री अॅसिड मागेल. देऊ नका, नव्या ग्राउटला आणि नळांच्या पॉलिशला ते खातं. टाइल क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. बेसिनमागचं आणि कमोडभोवतीचं सिलिकॉन २४ तास कोरडं राहू द्या, वापर त्यानंतर. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बाहेरच्या भिंतीला एकदा हात लावून पाहा. गार किंवा ओलसर लागली तर त्याच दिवशी मिस्त्रीला फोन करा.